जुन्या मोटारीचा पूर्वेतिहास : नोंद सर्वत्र, तपासणी कुठेच नाही

लक्ष्मीबाई नगर (नवी दिल्ली) : दक्षिण दिल्लीत आयएनए बाजार आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी वसलेले लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अशा वसाहतींत बदलीचा आदेश हाती पडला की घरसामानाबरोबर दारातील मोटारीचाही निर्णय घ्यावा लागतो. जाणाऱ्याला घाई असते, नव्याने रुजू झालेल्याला निकड असते आणि दोघेही सरकारी नोकरीतले असल्याने व्यवहारात विश्वासाचा भाग मोठा असतो. महाराष्ट्रातून दिल्लीत बदलून आलेली कुटुंबेही याच वाटेने पहिली मोटार घेतात. परंतु गेल्या काही महिन्यांत राजधानी परिक्षेत्रात घडलेल्या घटनांनी हा घरगुती वाटणारा व्यवहार एका गंभीर प्रश्नापाशी आणून सोडला आहे. विकत घेतली जाणारी मोटार यापूर्वी कोणाच्या हाती होती, किती धावली, कधी आपटली आणि तिची तपासणी कोणी, केव्हा केली, हे खरेदीदाराला नेमके कळावे तरी कसे?

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशाने या प्रश्नाला नवी धार आली. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांच्या मालकांवर कठोर कारवाई करू नये, असा दिलासा न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला होता. डिसेंबरच्या आदेशाने तो केवळ बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरता मर्यादित केला. बीएस-३ आणि त्याआधीच्या वाहनांवर कारवाईचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. म्हणजे आता मोटारीचे वय एवढेच पुरेसे नाही. तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावर प्रदूषण मानकाच्या रकान्यात काय लिहिले आहे, यावर तिची किंमत आणि तिचे भवितव्य ठरते.

या दोन आदेशांच्या मागे दहा वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील वाहनांना आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ही वयोमर्यादा राजधानी परिक्षेत्रासाठी कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पेट्रोल पंपांवर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू झाला आणि लोकांच्या रोषामुळे अवघ्या काही दिवसांत तो स्थगित करावा लागला. दरम्यान, वय भरत आलेल्या मोटारींची किंमत घसरली आणि त्यांतील कित्येक वयोमर्यादा नसलेल्या राज्यांकडे निघाल्या. त्यांत महाराष्ट्रही आहे.

तपासणीविना गेलेली पंधरा वर्षे

जुन्या मोटारीच्या तपासणीचा इतिहास पाहून मगच ती घ्यावी, हा सल्ला परदेशातील नातेवाइकांकडून मराठी कुटुंबांना हमखास मिळतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तो सहज सुचतो, कारण तेथे तीन वर्षांवरील प्रत्येक खासगी मोटारीची दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी होते आणि तिचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. वाहनाचा क्रमांक टाकला की चाचणी कोणत्या दिवशी झाली, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, ब्रेक वा टायरबद्दल कोणती सूचना दिली गेली आणि त्या दिवशी मोटार किती मैल चाललेली होती, हे सर्व ओळीने दिसते. वर्षागणिक वाढत गेलेला मैलांचा आकडा मध्येच कमी झाला, तर फसवणूक आपोआप उघडी पडते. जपानमध्ये नव्या मोटारीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ तपासणीतून जावे लागते. जर्मनीतील वेळापत्रकही असेच आहे.

भारतात मात्र हा सल्ला पाळता येत नाही, कारण जो इतिहास पाहायचा तो लिहिलाच जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर पाच वर्षांचे नूतनीकरण हवे असेल तेव्हाच ती प्रथम परिवहन अधिकाऱ्यापुढे योग्यता तपासणीसाठी उभी राहते. टॅक्सी, टेम्पो, बस या व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला ते बंधन नाही. दिल्लीतील परिस्थिती तर अधिकच विचित्र आहे. येथे पंधरा वर्षे पूर्ण झाली की पेट्रोल मोटारीच्या नूतनीकरणाचा दरवाजा प्रत्यक्षात बंद झालेला होता. त्यामुळे एखादी मोटार, तिच्यावर अपघाताचा गुन्हा दाखल झाला नसेल तर, पहिल्या नोंदणीनंतर एकदाही सरकारी तपासनिसापुढे यांत्रिक तपासणीसाठी न जाता आपले संपूर्ण आयुष्य संपवू शकते. अपघात झालाच, तर कलम १३६ अन्वये मोटार वाहन निरीक्षक ती तपासतो. पण तो अहवाल पोलिसांच्या आणि दावा न्यायाधिकरणाच्या कागदपत्रांत जातो, पुढच्या खरेदीदारासमोर येत नाही.

नियमितपणे होणारी एकच तपासणी उरते, ती म्हणजे पीयूसी. ती केवळ धुराची असते. ब्रेक, सुकाणू, निलंबन यंत्रणा, चौकट यांच्याशी तिचा संबंध नाही. आणि त्या धुराच्या तपासणीबद्दलही भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी जे म्हटले आहे ते चिंताजनक आहे. १ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली विधानसभेत मांडल्या गेलेल्या त्यांच्या अहवालात ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०२० या काळातील पीयूसी नोंदी तपासण्यात आल्या. मर्यादेपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड वा हायड्रोकार्बन सोडणाऱ्या १.०८ लाख वाहनांना उत्तीर्ण ठरवण्यात आले होते. ७६,८६५ प्रकरणांत वाहन तपासून प्रमाणपत्र देण्यास अवघा एक मिनिट लागला होता. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहने तपासल्याची ७,६४३ उदाहरणे सापडली. डिझेल वाहनांपैकी २४ टक्क्यांच्या बाबतीत चाचणीचे आकडेच नोंदवलेले नव्हते. यंत्राची नळी धुराड्यात घालून इंजिनाचा वेग स्थिरावण्यासच जो वेळ लागतो, त्यात येथे प्रमाणपत्र छापून हाती दिले जात होते.

असे असूनही पीयूसीच्या जुन्या प्रमाणपत्रांकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभर एकसमान नमुना लागू केला. त्यात क्यूआर संकेत आला, राष्ट्रीय नोंदवहीशी जोडणी आली आणि अनुत्तीर्ण वाहनाला कारणासह नकारपत्र देण्याची तरतूदही आली. विक्रेत्याकडे सलग तीन-चार वर्षांची प्रमाणपत्रे असतील, तर त्यांतील आकड्यांचा कल पाहता येतो. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दरवर्षी चढत गेले असेल, तर इंजिन वा उत्प्रेरक यंत्रणा थकल्याचे ते चिन्ह असू शकते. दरवर्षी दशांशापर्यंत तोच आकडा छापला गेला असेल, तर मोटार केंद्रावर गेली होती की नाही, असाच प्रश्न पडतो. दिल्लीत वैध पीयूसी नसल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डिसेंबर २०२५ पासून अशा वाहनांना इंधन न देण्याचे आदेशही लागू झाले. प्रमाणपत्राची गरज वाढली की बनावट प्रमाणपत्राचीही वाढते, हे तपास यंत्रणांनी ध्यानात घ्यायला हवे.

हातोहात गेलेली मोटार

१० नोव्हेंबर २०२५ च्या सायंकाळी लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला तेव्हा तपासाचा पहिला धागा होता एका पांढऱ्या मोटारीचा हरियाणातील नोंदणी क्रमांक. पोलिस त्यावरून प्रथम पोहोचले ते गुरुग्राममधील पूर्वीच्या मालकापर्यंत. त्याने मोटार आधीच विकलेली होती. ती पुढे कोणाकडून कोणाकडे गेली, याची साखळी उलगडत तपास फरिदाबाद आणि थेट काश्मीरपर्यंत गेला. स्फोटाच्या काही दिवस आधी फरिदाबादमधील एका केंद्रावर याच मोटारीची पीयूसी तपासणी झाल्याचे चित्रीकरणही समोर आले. धूर मोजण्यासाठी असलेली व्यवस्था दहशतवादाच्या तपासात दुवा ठरली, ही बाब बोलकी आहे. मोटार रस्त्यावर जिवंत असल्याची जी काही मोजकी ठिकाणी नोंद होते, त्यांत पीयूसी केंद्र, टोल नाका आणि वाहतूक पोलिसांचा कॅमेरा यांचाच समावेश होतो. मालक बदलल्याची नोंद मात्र माणसांच्या इच्छेवर सोडलेली आहे.

वास्तविक कायदा या बाबतीत मोघम नाही. कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि राज्याबाहेर झाल्यास ४५ दिवसांत हस्तांतराची माहिती द्यायची असते. खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० ही त्यासाठीची कागदपत्रे. व्यवहारात मात्र विक्रेत्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या जातात, मोटार दलालाकडे जाते आणि अंतिम ग्राहक मिळेपर्यंत ते फॉर्म दलालाच्या टेबलाच्या खणात पडून राहतात. तोवर कागदोपत्री मालक तोच राहतो.

या सवयीची किंमत काय, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. २००७ मध्ये विकलेली मोटार अनेक हातांतून गेली होती, नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावे होती आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने कायद्यातील ‘मालक’ या संज्ञेचा अर्थ नोंदणीकृत मालक असाच लावला आणि दायित्व त्याच्यावर ठेवले. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदारांचा शोध घेत फिरावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, हा त्यामागचा विचार होता. बदलीच्या घाईत सही करून मोकळ्या होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याने या निकालाची जाणीव ठेवलेली बरी. येथे धोका खरेदीदाराइतकाच विक्रेत्यालाही आहे.

दलालांच्या या अदृश्य टप्प्याला कायद्यात जागा देण्याचा प्रयत्न केंद्राने केला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटार त्याच्या ताब्यात आली की तशी सूचना ऑनलाइन द्यायची, त्या काळात तोच मानीव मालक समजला जायचा आणि मोटार केवळ चाचणी, दुरुस्ती, तपासणी यांसाठीच बाहेर काढून तिच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची, असा हा आराखडा आहे. करोल बागेतील बाजार असो वा फरिदाबादच्या रस्त्याकडेची दुकाने, हा नियम कसोशीने पाळला गेला असता तर हातोहात जाणाऱ्या मोटारींचे गूढ बरेचसे कमी झाले असते. खरेदीदाराने विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागावे आणि ते नसेल तर तेथून निघावे, इतका हा साधा मुद्दा आहे.

कागद काय सांगतात

तपासणीचा इतिहास नसला तरी मोटारीचा माग काढता येत नाही असे नाही. तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे, एवढेच. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ प्रणालीवर आणि ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, प्रदूषण मानक, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव आणि वाहन काळ्या यादीत आहे का, हे पाहता येते. मालकाच्या नावातील काही अक्षरे झाकलेली असतात. पण मोटार कितव्या मालकाकडे आहे, हे नोंदणी प्रमाणपत्रावर कळते. ‘एकहाती वापरलेली’ म्हणून दाखवलेल्या मोटारीच्या प्रमाणपत्रावर तिसरा मालक दिसला, की पुढचे बोलणे थांबवायला हरकत नाही. थकीत दंडाच्या पावत्या ई-चलान संकेतस्थळावर मिळतात आणि त्या केवळ रकमेसाठी पाहायच्या नसतात. दिल्लीत नोंदलेल्या, ‘फक्त ऑफिसला जाण्यापुरती’ वापरलेल्या मोटारीला यमुना द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे पाच दंड असतील, तर तिचा वापर कसा झाला याचे ते साक्षीदार आहेत.

चोरीच्या संशयाचे निरसन राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेतून होऊ शकते. कर्जाचा बोजा असल्यास कलम ५१ नुसार बँकेच्या संमतीशिवाय हस्तांतराची नोंद होत नाही. कर्ज फिटले असे विक्रेत्याने तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती यायला हवा.

सर्वात दुर्लक्षित आणि तरीही सर्वात बोलका कागद असतो तो विम्याचा. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षासाठी विमाधारकाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत मिळते. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षे दावा नसेल तर ५० टक्के. सहा वर्षांची मोटार ‘एकदाही ठोकली नाही’ असे सांगितले जाते आणि चालू पॉलिसीवर सवलतीच्या रकान्यात शून्य दिसते, तेव्हा गेल्या वर्षभरात एखादा दावा झाला असण्याची किंवा विम्यात दीर्घ खंड पडल्याची शक्यता असते. दोन्हींबद्दल विचारणा करायलाच हवी. अर्थात ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते आणि तो ती आपल्या आधीच्या वाहनावरून नव्यावर नेऊ शकतो. त्यामुळे ५० टक्क्यांची सवलत हा निर्दोषपणाचा निर्णायक पुरावा मानता येणार नाही. शून्य सवलत मात्र प्रश्न विचारण्यास पुरेशी आहे. अधिकृत सर्व्हिस केंद्राकडे चॅसी क्रमांकावरून दुरुस्तीची नोंद मिळू शकते. ती विक्रेत्याच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्या समक्ष घ्यावी. बदललेले सुटे भाग आणि प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर त्यात असतात, आणि भारतात ब्रिटनच्या नोंदीला सर्वात जवळ जाणारा कागद हाच आहे. मोटार मध्येच बाहेरच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली असेल तर ही नोंद तुटते. त्या तुटलेल्या काळातच काय घडले, हे शोधावे लागते.

कागदांनंतर प्रत्यक्ष मोटार. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर २५ हजार किलोमीटर आणि पाच वर्षांच्या मोटारीला चारही टायर गेल्या वर्षीचे, हा मेळ जुळत नाही. काचांवरही उत्पादनकाळाची खूण असते. एकच काच इतरांहून अलीकडची असेल तर ती का बदलली, हे विचारावे. दिल्लीत पुढच्या काचेवर इंधनानुसार रंगीत पट्टी असते. पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिकट निळी, डिझेलसाठी नारिंगी. पट्टीवरील क्रमांक, उच्च सुरक्षा नंबरपट्टी आणि नोंदणी प्रमाणपत्र यांचा मेळ बसला पाहिजे. चॅसीवर ठोकलेला क्रमांक बोटाने चाचपून पाहावा आणि प्रमाणपत्राशी अंकागणिक ताडावा.

पुरात बुडालेल्या मोटारींबाबत उत्तर भारतीय बाजार विशेष सावध असायला हवा. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि दिल्लीच्या सखल भागांत पाणी शिरले. २००५ ची मुंबई, २०१५ ची चेन्नई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर येथेही असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. विमा कंपनीने पूर्ण नुकसान मान्य केलेली मोटार भंगार म्हणून लिलावात जाते, पण ती भंगारातच जाते असे नाही. धुऊन, पुसून, अत्तर फवारून ती दूरच्या शहरात पुन्हा विक्रीला उभी राहते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. आसनाखालील रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचा वास लपवणे कठीण असते. हे काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. जुन्या मोटारी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्या आता शेकडो मुद्द्यांच्या तपासणीचा अहवाल देतात. त्यांचा उपयोग आहेच. परंतु तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर त्या अहवालाकडे जाहिरातीइतक्याच सावधपणे पाहिले पाहिजे.

माहिती कोणाची, लाभ कोणाचा

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्याला मोटारीचा दोष ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक प्रत्येक मोटारीला सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या मोटारीचा मालक त्या किमतीला विकायला तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू सदोष मालच उरतो. याच कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६७-६८ मध्ये ते नवी दिल्लीतील भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभर होते, हा तपशील येथील वाचकाला रोचक वाटेल. त्यांनी वर्णिलेला बाजार दिल्लीत आजही जसाच्या तसा पाहायला मिळतो.

माहितीची ही विषमता कमी करणे सरकारच्या हाती आहे, कारण माहितीचा मोठा साठा सरकारकडेच आहे. २०१९ मध्ये केंद्राने वाहन नोंदणीचा एकत्रित विदा वर्षाला तीन कोटी रुपये घेऊन कंपन्यांना देण्याचे धोरण आणले होते; गोपनीयतेच्या आक्षेपांनंतर २०२० मध्ये ते मागे घेतले गेले. मालकाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक यांचे संरक्षण व्हायलाच हवे. पण मोटारीने किती किलोमीटर कापले, तिच्यावर पूर्ण नुकसानीचा विमादावा मंजूर झाला होता का, तिच्या अपघाताचा निरीक्षण अहवाल काय म्हणतो, यांत कोणाचे खासगी जीवन उघडे पडत नाही. हीच माहिती ग्राहकाला आज मिळत नाही. दिल्लीत ऑगस्ट २०२१ पासून मालकी हस्तांतर आरटीओ कार्यालयात न जाता करता येते. अर्जदारांची सोय झाली, यात वाद नाही. परंतु हस्तांतराच्या वेळी कोणी सरकारी माणूस मोटारीकडे नजर टाकील, ही शक्यताही त्याबरोबर संपली.

फसवणूक झालीच, तर दाद कोठे मागायची, हे मोटार कोणाकडून घेतली यावर ठरते. व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. शेजारच्या क्वार्टरमधील अधिकाऱ्याने आपली जुनी मोटार विकली असेल, तर तो त्या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरत नाही. मग उरतो १९३० चा वस्तू विक्री कायदा, आणि त्याचे कलम १६ सर्वसाधारणपणे खरेदीदारानेच सावध राहावे, या तत्त्वावर उभे आहे. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती सिद्ध करता आली तर भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते. पण त्यासाठी लेखी पुरावा लागतो, आणि ओळखीतल्या व्यवहारात नेमका तोच नसतो.

महाराष्ट्रात नेण्यासाठी दिल्लीची स्वस्त मोटार घेणाऱ्यांनी हिशेब आणखी बारकाईने करावा. कलम ४८ नुसार दिल्लीच्या प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असल्यास कलम ४७ नुसार तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. हा कर, वाहतूक खर्च आणि धावपळ जमेस धरली, की स्वस्ताईचा बराचसा भाग विरून जातो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू आणि सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या मोटारींच्या किमती उतरल्या आहेत. जुन्या मोटारीची मागितलेली किंमत त्या नव्या किमतीशी ताडून पाहायला हवी, दोन वर्षांपूर्वीच्या किमतीशी नव्हे.

प्रदूषण मानकाबाबतही उलट दिशेचा एक धोका आहे. बीएस-४ मानक एप्रिल २०१० मध्ये राष्ट्रीय राजधानी परिक्षेत्र आणि मुंबई, पुणे, सोलापूर अशा मोजक्या शहरांत लागू झाले; देशभर ते आले एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे २०१३ साली एखाद्या लहान जिल्ह्यात नोंदलेली मोटार बीएस-३ असू शकते, तर त्याच वर्षी, त्याच कंपनीची दिल्लीत नोंदलेली मोटार बीएस-४. गावाकडची मोटार घेऊन दिल्लीत रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला डिसेंबरच्या आदेशानंतर हा फरक प्रत्यक्ष दंडात आणि जप्तीत मोजावा लागू शकतो. हिवाळ्यात हवा बिघडली की श्रेणीबद्ध प्रतिसाद योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींना दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरात बंदी घातली जाते, ते वेगळेच. न्यायालयाच्या संरक्षणातील बीएस-४ डिझेल मोटारही त्या दिवसांत दारातच उभी ठेवावी लागते.

अमेरिकेत १९७२ च्या संघराज्य कायद्याने मोटार विकताना मीटरवरील आकडा लेखी जाहीर करणे बंधनकारक केले. भारतात फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांत चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक लिहावा लागतो. किलोमीटरसाठी रकाना नाही. तो येईपर्यंत ताबा पावतीवर मीटरचा आकडा, दिनांक आणि तासासह वेळ लिहून दोघांनी सह्या करणे आणि मीटरचे छायाचित्र त्याच वेळी काढून ठेवणे, एवढे तरी खरेदीदार आणि विक्रेत्याच्या हाती आहे. त्या तासानंतरचा दंड वा अपघात कोणाच्या काळातला आणि मीटर फिरवले गेले ते कधी, या दोन्ही प्रश्नांवर पुढे आयोगात वा न्यायाधिकरणात हीच पावती दाखवावी लागते.